परगावी मुक्काम? आधी न्हाणीघर पाहा!

गोष्ट काही वर्षांपूर्वीची, डिसेंबर महिन्यातली. मी, माझी पत्नी आणि तिची मोठी बहीण असे तिघे देवदर्शनाला निघालो होतो. गावाचे नाव मुद्दामच लिहीत नाही. जे घडले ते कोणत्याही गावात घडू शकते. पोहोचायला रात्रीचे दहा वाजले. सुट्टीचे दिवस, सगळीकडे गर्दी. दोन लॉज भरलेले निघाले. तिसऱ्या ठिकाणी व्यवस्थापक म्हणाला, ‘साहेब, चोवीस तास गरम पाणी आहे.’ थंडी मी म्हणत होती. त्या एका वाक्यावर आम्ही खोली घेतली. पाहिली ती दारातूनच. पलंगावर पांढरी चादर दिसली आणि आमचे समाधान झाले.

पहाटे पाचला आंघोळी सुरू झाल्या. आधी मेहुणी, मग मी, शेवटी पत्नी. मेहुणी बाहेर आल्या त्या डोके धरूनच. ‘भावोजी, डोकं फार जड झालंय,’ म्हणाल्या. मी म्हटले, ‘ताई, जागरण झालंय. चहा घेतला की बरं वाटेल.’ थोड्या वेळाने पाण्याचा आवाज नुसताच येत राहिला. हाक मारली तर उत्तर नाही. नशिबाने आतली कडी ढिली होती. दार ढकलले तर पत्नी भिंतीला टेकून, मान टाकून बसलेली.

आम्ही तिला बाहेर ओढली. नाडी पाहिली, पाय उंच केले. तिचा उपवास होता. मनात आले की उपाशीपोटी गरम पाण्याने रक्तदाब उतरला असेल. इतक्या वर्षांची प्रॅक्टिस असलेल्या माझ्यासारख्या डॉक्टरचे हे निदान! मेहुणी म्हणाल्या, ‘अहो, मलाही अगदी असंच होत होतं.’ तेव्हा कुठे मी मागे वळून न्हाणीघरात नीट पाहिले. दाराच्या वर भिंतीला गॅसचा गीझर लावलेला. वीतभर खिडकी, तीही थंडी येऊ नये म्हणून वर्तमानपत्रे कोंबून बंद केलेली. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गॅस बंद केला, दारेखिडक्या उघडल्या, तिला गॅलरीत नेले आणि तेथून रिक्षाने रुग्णालयात. काही तास प्राणवायू दिल्यावर संध्याकाळी ती हिंडूफिरू लागली. बाथरूमची कडी पक्की असती, तर आजचा हा लेख लिहिण्याची माझी मनःस्थिती राहिली नसती.

तेव्हापासून परगावी गेलो की मी चादर नंतर पाहतो, न्हाणीघर आधी. वाचकांनीही तसेच करावे, म्हणून आजचा हा विषय.

खोली ठरवण्यापूर्वी

आपल्याकडे हॉटेल म्हटले की चहा-भजी आठवतात आणि राहण्याच्या जागेला आपण लॉज म्हणतो. त्याशिवाय शेगाव, शिर्डी, अक्कलकोट अशा ठिकाणची भक्तनिवासे आहेत, धर्मशाळा आहेत. जागा कोणतीही असो, आपण खोली ठरवताना दोनच प्रश्न विचारतो: भाडे किती आणि देऊळ किती लांब? आता मोबाइलवर फोटो पाहून खोली ठरवण्याची सोय झाली आहे. पण फोटोत पलंगावरचे फूल दिसते, न्हाणीघरातला गीझर दिसत नाही. म्हणून मोबाइलवर ठरवली तरी थेट त्या ठिकाणी एक फोन करावा. घरात वयस्कर माणूस, हृदयरोगी, दमेकरी, गरोदर स्त्री किंवा लहान मूल असेल तर पुढचे प्रश्न विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत.

खोली कितव्या मजल्यावर? लिफ्ट आहे का आणि ती रात्री चालू असते का? वीज गेल्यावर तिला जनरेटर आहे का? ‘लिफ्ट आहे’ या उत्तरावर विसंबून तिसऱ्या मजल्यावर उतरलेल्या आणि लिफ्ट बंद पडल्यावर दिवसातून चार वेळा जिना चढून छातीत दुखू लागलेल्या माणसाची हकीकत मला त्याच्या मुलाने सांगितली आहे. ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे, ज्यांना जिना चढताना धाप लागते किंवा ज्यांचे गुडघे दुखतात, त्यांनी तळमजला अथवा पहिला मजलाच मागावा.

संडास कमोडचा की भारतीय बैठकीचा? ऐन वेळी हा प्रश्न फार मोठा होतो. गुडघे न वाकणारी आजी दोन दिवस संडासला जायचे टाळते, त्यासाठी पाणी कमी पिते, आणि घरी येते ती बद्धकोष्ठता व लघवीची जळजळ घेऊन.

पाणी कशावर तापते? सौर, विजेचा गीझर, बंब की गॅस? गॅस असेल तर गीझर न्हाणीघराच्या आत की बाहेर? हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा. गैरसमज नको म्हणून खोली ताब्यात घेतानाही स्वतः डोळ्यांनी खात्री करावी.

वास नसलेले विष

गॅस गीझरचा धोका नेमका काय, हे समजून घेऊ. स्वयंपाकाचा गॅस जळताना त्याला भरपूर हवा लागते. मोकळ्या हवेत तो नीट जळतो. पण चार फूट बाय पाच फुटांच्या बंद न्हाणीघरात गीझर दहा-पंधरा मिनिटे चालला की आतला प्राणवायू कमी होत जातो. मग गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो.

या वायूला रंग नाही, वास नाही. डोळ्यांची आग नाही, ठसका नाही. सिलिंडर गळत असेल तर आपल्याला वास येतो, कारण त्यात मुद्दाम वासाचा पदार्थ मिसळलेला असतो. ‘वास येत नाही, म्हणजे सगळे ठीक’ ही समजूत मात्र येथे जिवावर बेतते. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. कार्बन मोनॉक्साइड त्याच हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. एस.टी.तल्या सगळ्या जागा भलत्याच माणसांनी अडवाव्यात आणि खरे प्रवासी खाली राहावेत, तसा हा प्रकार. श्वास चालू असतो, पण मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू पोहोचत नाही.

सुरुवातीला डोके जड होते, गरगरते, मळमळते, पायातले बळ जाते. हेच सर्वांत घातक. ‘बाहेर जावे’ असे मनात येईपर्यंत उठून कडी काढण्याची ताकद राहिलेली नसते. काहींना फिट येते. न्हाणीघरात अशी फिट आलेल्या व्यक्तींना मिरगी समजून औषधे सुरू केल्याची उदाहरणेही आहेत. एकामागून एक आंघोळी झाल्या की वायू साठत जातो आणि शेवटी जाणाऱ्याला सर्वाधिक त्रास होतो. आपल्या घरांत शेवटची आंघोळ बहुतेक वेळा कोणाची, हे मी सांगायला नको. गरोदर स्त्रीच्या पोटातल्या बाळाला तर हा वायू अधिकच बाधतो.

उपाय सोपा आहे. न्हाणीघराच्या आत गॅस गीझर असेल तर ती खोली नाकारावी किंवा बादलीने गरम पाणी आणून मागावे. अगदीच नाइलाज असेल तर खिडकी व दार सताड उघडे ठेवून बादली भरावी, गीझर बंद करावा, थोडा वेळ हवा खेळू द्यावी आणि मगच आंघोळीला जावे. खिडकीत कोंबलेले कागद काढून टाकावेत. आतून कडी लावू नये. बाहेर कोणाला तरी उभे करावे. थंड हवेच्या ठिकाणी किंवा उत्तरेकडच्या यात्रेत बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपणे हाही त्याच विषाला दिलेला निमंत्रणाचा नारळ आहे.

विजेच्या गीझरमध्ये हा धोका नाही; पण आंघोळीपूर्वी त्याचे बटण बंद करावे. बादलीत सोडायचा हीटर दिला असेल तर पिन काढल्याशिवाय पाण्याला बोट लावू नये.

कोणी बेशुद्ध पडल्यास

दार उघडून आधी हवा आत येऊ द्या. गॅस बंद करा. रुग्णाला ताबडतोब मोकळ्या हवेत आणा. श्वास चालू असेल तर एका कुशीवर वळवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, साखर काही घालू नका. नाकाला कांदा किंवा चप्पल लावत बसू नका. त्यात फक्त वेळ जातो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. रुग्णालयात गेल्यावर ‘गॅस गीझर चालू होता’ हे वाक्य सर्वांत आधी सांगा. त्या एका वाक्याने निदान होते आणि प्राणवायू लगेच सुरू होतो.

आणखी एक. कोविडच्या साथीनंतर बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घरोघरी आले आहे. पण या विषबाधेत ते फसवते. विषारी वायू चिकटलेले हिमोग्लोबिनही त्याला प्राणवायूने भरलेले वाटते आणि आकडा ९८ दाखवला जातो. त्यावर विसंबू नका. रुग्ण शुद्धीवर आला तरी रुग्णालयात नेलाच पाहिजे. कारण काहींना विसराळूपणा, चालताना तोल जाणे असे त्रास काही दिवसांनी किंवा आठवड्यांनीही सुरू होतात.

पलंगावर बसण्याआधी

आता चादरीकडे वळू. सामान आत आणले की आपण पहिली पिशवी पलंगावर टाकतो. ती सवय सोडावी. गादीचे कोपरे उचलून शिवणीच्या कडा, पलंगाच्या डोक्याकडची फळी आणि लाकडातल्या फटी मोबाइलच्या विजेरीने पाहाव्यात. शाईचे ठिपके पडल्यासारखे काळसर डाग, पांढरट साली किंवा डाळीच्या दाण्याएवढे चपटे तपकिरी किडे दिसले की समजावे, येथे ढेकूण आहेत. खोली बदलून घ्यावी. तीही शेजारचीच नको, कारण ढेकूण भिंतीतून पलीकडे जातात.

ढेकणांमुळे माणसात रोग पसरतो असे आढळलेले नाही. पण झोप उडते, अंगावर रांगेने गांधी उठतात, खाजवून जखमा होतात. खरी कटकट पुढेच असते. ते बॅगेच्या शिवणीत बसून आपल्या घरी येतात आणि रक्त न मिळताही काही महिने तग धरतात. शंका असेल तर घरी आल्यावर कपडे कडकडीत पाण्यातून काढावेत आणि बॅग कडक उन्हात झटकून ठेवावी. ढेकूण घाणेरड्या लोकांकडेच होतात, हाही गैरसमज आहे. भारी हॉटेलांतही ते असतात.

स्वतःची एक चादर, उशीचा अभ्रा आणि टॉवेल बरोबर असावा. वजन किलोभर वाढते, पण दुसऱ्याच्या घामावर झोपावे लागत नाही.

साठलेले पाणी

१९७६ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात माजी सैनिकांच्या एका संघटनेचे अधिवेशन एका नामांकित हॉटेलात भरले होते. घरी परतल्यावर कितीतरी जणांना ताप आणि न्यूमोनिया झाला आणि तिसाहून अधिक माणसे दगावली. कारण कोणालाच कळेना. पुढे १९७७ साली त्यामागचा जंतू सापडला. सैनिकांच्या संघटनेवरून त्याला लिजिओनेला असे नाव मिळाले. हा जंतू कोमट, साठलेल्या पाण्यात वाढतो आणि वातानुकूलन यंत्रणेच्या किंवा शॉवरच्या बारीक तुषारांतून फुप्फुसात जातो.

घाबरण्याचे कारण नाही, पण एक साधी सवय लावून घ्यावी. खोली बरेच दिवस बंद असेल तर शॉवरचा आणि नळाचा पहिला लोट तीन-चार मिनिटे वाहू द्यावा, आणि त्या वेळी आपण बाहेर थांबावे. मधुमेही, धूम्रपान करणारे आणि वयस्कर यांनी शॉवरऐवजी बादलीने आंघोळ करणे उत्तम. प्रवासाहून आल्यावर पंधरा दिवसांत ताप, खोकला आला तर ‘अमुक ठिकाणी राहून आलो’ हे डॉक्टरांना जरूर सांगावे.

पिण्याचे पाणी हा नेहमीचाच विषय आहे. खोलीतला जग किंवा जार कधी धुतला असेल, याचा भरवसा नसतो. सीलबंद बाटली घ्यावी, सील तपासावे, किंवा उकळून गार केलेले पाणी मागावे. दात घासायलाही तेच वापरावे. जुलाब लागलेच, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट पाजत राहावे. येथे चमचा म्हणजे चहाचा चमचा.

कूलरच्या टाकीत आणि खिडकीखालच्या कुंडीत डेंग्यूचे डास होतात. ते दिवसा चावतात. त्यामुळे दुपारची वामकुक्षीही अंग झाकूनच घ्यावी.

रात्री जाग आली तर

घरात आपण अंधारातही बरोबर संडासला जातो. परक्या खोलीत उंबरठा कुठे, पायरी कुठे, हे झोपेत आठवत नाही. वयस्कर माणूस ओल्या फरशीवर घसरतो आणि मांडीचे हाड खुब्यात मोडते. असे मोडलेले हाड घेऊन यात्रेहून परतलेले रुग्ण मी दर वर्षी पाहतो. न्हाणीघरातला दिवा चालू ठेवून दार किंचित लोटावे, पलंगापासून तेथपर्यंतची वाट मोकळी ठेवावी. उठल्यावर दोन मिनिटे पलंगाच्या कडेला बसून मगच उभे राहावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर हे पाळलेच पाहिजे.

झोपण्यापूर्वी आणखी एक फेरी मारावी. खाली उतरणारा जिना कोणत्या बाजूला, आपल्या दारापासून तो किती दारांवर, हे मोजून ठेवावे. १२ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे दिल्लीत करोलबाग भागातील एका हॉटेलला आग लागली आणि १७ जण मृत्युमुखी पडले. त्यातले बहुतेक धुराने गुदमरले. धूर वर जमतो, म्हणून आगीत वाकून किंवा रांगत जावे आणि लिफ्ट वापरू नये. जिन्यात गाद्या रचलेल्या किंवा खालच्या दाराला रात्री कुलूप लावलेले दिसले तर किल्ली कोणाजवळ असते हे विचारावे. उत्तर समाधानकारक नसेल तर बाडबिस्तरा गुंडाळावा.

औषधांची पिशवी

रोजची औषधे मुक्कामाच्या दिवसांपेक्षा तीन दिवस जास्त घ्यावीत आणि ती डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवावीत, गाडीच्या टपावर टाकलेल्या बॅगेत नव्हे. इन्सुलिन लॉजच्या फ्रिजमध्ये ठेवायला दिले तर बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका, हे बजावून सांगावे. एकदा गोठलेले इन्सुलिन निकामी होते. सर्वांत जवळचे चोवीस तास उघडे रुग्णालय कोणते, हे खोलीची किल्ली घेतानाच विचारून घ्यावे.

रुग्णासाठी खोली घेताना

सगळेच काही देवदर्शनासाठी खोली घेत नाहीत. आपल्या जिल्ह्यातून कितीतरी कुटुंबे उपचारांसाठी मुंबई-पुण्याला महिनामहिना राहतात. केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते. त्याच्यासाठी कोंदट, ओल आलेली, बुरशीचा वास येणारी स्वस्त खोली शेवटी महागात पडते. रुग्णालयातील समाजसेवा विभागात चौकशी केली तर धर्मशाळांची माहिती मिळते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कर्करोगाच्या किती तरी गरीब रुग्णांचा आधार आहे.

गाडगेबाबांचे स्मरण येथे सहज झाले. ज्या हातात खराटा होता, त्याच हातांनी पंढरपूरला, नाशिकला, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या. वाटसरूला निवारा द्यायचा तो स्वच्छच, असा त्याचा अर्थ. आपल्या जिल्ह्यातले लॉजमालकही हे सदर वाचतात, म्हणून त्यांना एक विनंती. न्हाणीघरातला गॅस गीझर काढून बाहेर मोकळ्या जागी लावून घ्या. खर्च एका दिवसाच्या धंद्याएवढाही नसेल. आणि तुम्ही वाचकांनी पुढच्या वेळी लॉजच्या टेबलासमोर उभे राहिल्यावर भाडे विचारण्याआधी संकोच न करता एवढेच म्हणावे, ‘अहो, आधी न्हाणीघर दाखवा.’